थंडीत दिसणारा बुडबुडा

नाशिकमध्ये राहून मी रूपांतरित खडकांचा अभ्यास करते असं सांगितलं, की ज्यांना भूगर्भशास्त्र कळतं ती माणसं आधी हसतात. हसण्यासारखंच आहे ते. आमच्या पायाखाली खोलवर नुसता काळा बेसॉल्ट, थिजलेल्या लाव्ह्याचा. रूपांतरित खडक म्हणजे जमिनीत खोल गाडले जाऊन, दाबाने आणि उष्णतेने ज्यांचं रूपच बदललं ते दगड. ते इथे औषधालाही सापडत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कधीकधी एखादा बसवलेला असतो, पण तोही दक्षिणेतून ट्रकमधून आलेला. ‘एवढी हौस होती तर तिकडेच नोकरी बघायची होती,’ असं एक सहकारी मला म्हणाले होते. मी म्हटलं, डोळ्यांचा डॉक्टर काय फक्त स्वतःचेच डोळे तपासतो का? तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात.

मी शिकवते ते कॉलेज गंगापूर रोडला आहे. प्रयोगशाळेच्या मागे एक अडगळीची खोली होती, ती मी भांडून मिळवली. तिच्यात एक सूक्ष्मदर्शक, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दुसऱ्या एका संस्थेने टाकून दिलेलं एक जुनं यंत्र. त्या यंत्रात दगडाचा पातळ तुकडा ठेवला, की तो सूक्ष्मदर्शकाखाली बघता बघता हवा तेवढा गार करता येतो किंवा तापवता येतो. माझं सगळं काम या एवढ्याशा सामानावर चालतं.

काम काय, ते सांगते. दगड जेव्हा खोल जमिनीत बदलत असतो, तेव्हा त्यात नवे स्फटिक वाढतात. वाढताना किंवा तडकून पुन्हा जुळताना ते आजूबाजूला असलेलं पाणी, वायू, जे काही असेल ते आपल्या पोटात कोंडून घेतात. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे थेंब. शास्त्रात त्यांना बोजड नाव आहे. मी कुपी म्हणते, माझे विद्यार्थीही कुपीच म्हणतात. माझ्या दगडांमधल्या कुप्यांत कार्बन डायऑक्साइड आहे, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. फरक इतकाच की हा अडीचशे कोटी वर्षांपूर्वी भरला आणि बूच कुणी काढलेलं नाही.

पहिल्यांदा कुपी पाहिली तो डिसेंबरातला दिवस मला चांगला आठवतो. सकाळचे आठ-साडेआठ झाले होते. निफाडकडचा गारठा शहरातही उतरला होता आणि मी स्वेटरवर शाल घेऊन बसले होते. काचेसारख्या स्फटिकात एक गोलसर पोकळी, पोकळीत द्रव आणि द्रवात एक बुडबुडा. तो बुडबुडा हलत होता. थरथरत होता, कडेला जात होता, परत येत होता, एक क्षण स्वस्थ नव्हता. मी टेबलावरचे हात काढून घेतले, श्वास रोखला, तरी तो हलतच राहिला. मी हलवत नव्हतेच त्याला. जमिनीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, तेव्हापासून तो असाच हलत होता, कुणी बघत नसताना. माझ्या अंगावर काटा आला आणि तो थंडीचा नव्हता.

दहा वाजले, खिडकीतून ऊन आलं, आणि बुडबुडा लहान होत होत नाहीसा झाला. वाटलं, मी काहीतरी फोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भीतभीतच बघितलं, तर महाराज जागेवर हजर. मग पुस्तकात वाचलेलं डोक्यात शिरलं. एकतीस अंशांच्या वर या वायूत द्रव कोणता आणि वायू कोणता असा भेदच उरत नाही, आणि कुपी ठासून भरलेली असेल तर त्याच्या आधीच बुडबुडा जातो. म्हणजे नाशिकच्या मे महिन्यात माझ्या एकाही कुपीत बुडबुडा दिसायचा नाही. आणि काही कुप्या इतक्या ठासून भरलेल्या असतात, की त्यांच्यात डिसेंबरातही काही दिसत नाही. त्यांना बर्फाहून कितीतरी गार केलं, तर त्या तोंड उघडतात.

यातच सगळी मेख आहे. बुडबुडा नाहीसा होतो तो आकडा नोंदवायचा. आकडा जितका खाली, तितकी कुपी जास्त ठासून भरलेली, आणि ती जितकी ठासून भरलेली, तितका दगड जास्त खोल होता. एका थेंबावरून अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची खोली मोजायची. वीस वर्षं हे शिकवतेय, तरी हे वाक्य वर्गात म्हणताना माझा आवाज अजून बदलतो.

गार करायला द्रव नायट्रोजन लागतो, आणि कॉलेजात नायट्रोजन कुठला? तो मला मिळाला गाईंमुळे. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या नायट्रोजनच्या कंटेनरात ठेवतात. कळवणच्या बाजूला मोटरसायकलवर असा कंटेनर बांधून गावोगाव फिरणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. महिन्यातून दोनदा कंटेनर भरून घ्यायला ते नाशिकला येतात, आणि परत जाताना माझ्या थर्मासमध्ये थोडा ओतून देतात. देताना दर वेळी एकच थट्टा. ‘मॅडम, दगड गाभण राहिला का नाय अजून? लय दिवस झाले की.’ मी म्हणायचे, ‘राहिला की पहिला पेढा तुम्हाला.’

आणि दुसरे जुन्या नाशकातल्या भद्रकालीतले चाचा. ते अंगठीतले खडे घासतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर दगडाचा तुकडा पोस्टकार्डापेक्षाही पातळ हवा आणि दोन्ही बाजूंनी आरशासारखा गुळगुळीत. यासाठी मोठ्या संस्थांमध्ये यंत्रं असतात. माझ्यासाठी चाचा होते. पाच वर्षं माझे सगळे तुकडे त्यांनी केले आणि असे केले, की पुण्याहून आलेल्या लोकांनी मला विचारलं, कुठल्या प्रयोगशाळेतून करून आणता? चाचांची पद्धत खड्यांचीच. स्पिरिटच्या दिव्यावर लाख वितळवायची, दगड त्याच आचेवर धरायचा, लाख उकळायला लागली की दगड काठीच्या टोकावर दाबून बसवायचा, आणि मग चाकावर घासायचा. मी समोर स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि बघायचे. मला ते बघायला फार आवडायचं.

पाच वर्षांच्या कामातून माझा एक लेख तयार झाला. तामिळनाडूतल्या एका खाणीतल्या दगडावरचा. बाकी सगळे म्हणत आले होते, की हा खडक फार खोलवर तयार झाला. माझ्या कुप्यांचा बुडबुडा मात्र अठरा अंशांच्या आसपास जात होता, म्हणजे दगड त्यांच्या निम्म्याच खोलीवर होता. लेखाचा सगळा डौल यातच. एका परदेशी नियतकालिकाने तो स्वीकारला. मी स्टाफरूममध्ये बर्फी वाटली. बढतीच्या मुलाखतीच्या फाईलमध्ये त्याचा स्वीकृतिपत्रासकट पहिला नंबर लावला. तिकडेच नोकरी बघायची होती म्हणणाऱ्या त्या सहकाऱ्यांना बर्फीचे दोन तुकडे दिले, मुद्दाम.

नंतर एक वयस्क बाई आमच्याकडे कुणाच्या तोंडी परीक्षेसाठी आल्या. याच विषयात आयुष्य घालवलेल्या. मी हौसेने त्यांना माझ्या खोलीत नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

‘या फुटलेल्या कुप्या पुष्कळ दिसतात,’ त्या म्हणाल्या.

फुटलेल्या कुप्या मला माहीत होत्या. मोठ्या कुपीची काळी रिकामी पोकळी आणि तिच्याभोवती उडालेल्या शिंतोड्यांसारख्या बारीक कुप्या. मी म्हटलं, ‘हो. दगड वर येताना फुटल्यात. लेखात लिहिलंय मी तसं.’

‘असेलही,’ त्या म्हणाल्या. मग डोळा न काढता विचारलं, ‘तुकडे चिकटवायला काय वापरता?’

‘लाख,’ मी म्हणाले, आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मला दिवा दिसला, आच दिसली, त्या आचेवर धरलेला माझा दगड दिसला.

उन्हात ठेवलेली हवेने टच्च भरलेली सायकलची ट्यूब फुटते, अर्धवट भरलेली टिकते. सर्वांत ठासून भरलेल्या कुप्या, म्हणजे सर्वांत खोलवरच्या, चाचांच्या दिव्यावर फुटल्या असतील, तर माझ्याकडे उरल्या त्या नुसत्या सैल भरलेल्या. आणि मी पाच वर्षं उरलेल्यांनाच विचारत बसले होते, तुम्ही किती खोलवर होतात म्हणून. पण कदाचित तसं नसेलही. कदाचित त्या खरोखर जमिनीतच फुटल्या असतील आणि माझा लेख बरोबर असेल. तुकड्यांकडे बघून हे ठरवता येत नव्हतं. न तापवता एक तुकडा करायचा आणि त्यात बघायचं, हा एकच मार्ग होता. त्या दगडाचा माझ्याकडे एकच गोटा शिल्लक होता, आवळ्याएवढा. खाण पाण्याने भरली होती.

मी भद्रकालीत गेले ती तणतणतच. माझा स्वभाव मला माहीत आहे, आधी तोंड चालतं आणि अक्कल मागून रिक्षाने येते. ‘चाचा, तुम्ही माझे दगड भाजून काढलेत!’ मी दारातूनच ओरडले. ‘पाच वर्षांचं काम! वायूच्या कुप्या होत्या त्यात, आणि तुम्ही त्या आगीवर धरल्यात!’

चाचांनी हातातला खडा खाली ठेवला. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘पाच साल मी तुमच्या समोरच लाख लावतो. तुम्ही तिथे बसून चाय पिता. एक दिवस तरी बोलल्या का, चाचा, आग नको?’

शेजारचा दुकानदार ऐकत होता. मी पाठ फिरवून निघाले आणि माफी मागायचं राहून गेलं. चार दिवस राहूनच गेलं. त्या चार दिवसांत माझ्या मनात आलं, की गोटा कपाटात आहे तो तसाच राहू द्यावा. लेख स्वीकारला गेलाय. त्या बाई परत येणार नाहीत. कुणी विचारलं, तर जमिनीत फुटल्या म्हणून सांगता येतं, आणि ते खोटं आहे असं कुणीही सिद्ध करू शकत नाही, हा गोटा सोडला तर. मला स्वतःची शरम वाटली हे खरं, पण शरम वाटण्याआधी बराच वेळ तो विचार मला बराही वाटला, हेही खरं.

पाचव्या दिवशी गोटा रुमालात बांधून मी पुन्हा चाचांकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला. मागचं काही काढलं नाही. ‘बोला, कसं करायचं?’

‘लाख नाही. दिवा नाही. चाकसुद्धा नको, घासताना तापतं.’

‘मग हाताने,’ ते म्हणाले. ‘टाइम लागेल.’

अकरा दिवस लागले. गार गोंदाने चिकटवलेला तुकडा, काच, पाणी, बारीक पूड आणि चाचांचे दोन हात. मी कॉलेज सुटल्यावर रोज जायचे. ते काचेवर इंग्रजी आठच्या आकड्यात तुकडा फिरवत राहायचे आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून तो गालाला लावून बघायचे. गालाला गार लागला तरच पुढे. मे महिना होता, दुकानावर पत्रा होता, म्हणून त्यांनी काचेखाली ओलं फडकं घातलं होतं. आठव्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचं कातडं सोलवटलं, तेव्हा ते चिंधी बांधून घासायला लागले. मी चहा मागवला, पण त्या दिवसापासून तो मला गोड लागला नाही.

तुकडा झाला तेव्हा चाचा म्हणाले, मी स्वतः घेऊन येतो. रविवारी दुपारी ते रिक्षाने आले. औषधाच्या डबीत कापूस, कापसात तुकडा, डबीभोवती ओलं फडकं. तुकडा काढताना ते सहज म्हणाले, की इतके तुकडे केले पण आत काय असतं ते कधी बघितलं नाही. मी हो हो म्हटलं आणि खुर्चीत बसले. माझं लक्ष नव्हतं. डॉक्टर सकाळीच थर्मास भरून देऊन दिंडोरीकडे गेले होते, तिथे कुणाची तरी म्हैस माजावर आली होती.

मी तुकडा यंत्रात ठेवला. फुटलेल्या कुप्या शोधल्या. अगदी थोड्या होत्या. त्यांच्याऐवजी स्वच्छ, गोलसर, न फुटलेल्या कुप्यांची एक रांग होती, आणि सगळ्या रिकाम्या दिसत होत्या. बाहेर चाळीस अंश होतं, त्यामुळे दिसणारच नव्हतं काही. रिकामी आहे की ठासून भरलेली आहे, हे आता थंडीच सांगणार होती. एक मोठी कुपी निवडली आणि नायट्रोजन सोडला.

खरं सांगते, त्या वेळी मला काय हवं होतं. मला त्या कुप्या रिकाम्या हव्या होत्या. बुडबुडा वीस अंशांच्या आसपास यावा किंवा मुळीच येऊ नये, म्हणजे माझा लेख वाचेल. वीस अंश झाले, काही नाही. दहा. शून्य. माझा जीव हलका व्हायला लागला. उणे दहा, उणे वीस, उणे तीस. कुपी होती तशीच, काळ्या कडेची, मुकी. उणे चाळीसला मी डोळा काढून पेन शोधायला लागले, ‘रिकामी’ लिहायला. पुन्हा डोळा लावला, तर बुडबुडा आला होता.

कुठून आला ते दिसलंच नाही. नव्हता आणि होता. आधी एक ठिपका, मग वाटोळा, आणि जोरात थरथरणारा, माझ्या पहिल्या बुडबुड्यासारखाच. मी शेजारच्या कुपीकडे गेले, तिच्यातही. तिच्या पलीकडच्या कुपीत माझ्या डोळ्यांदेखत फुटला तो, अंकुर फुटतो तसा. एकामागून एक सगळी रांग जागी झाली. माझा लेख गेला, बढती गेली, हे मला कळत होतं आणि त्याचं काहीही वाटत नव्हतं. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. इतकी वर्षं, इतका दाब, डोंगर उभे राहिले आणि झिजून गेले, आणि त्या इवल्याशा कुपीने आपल्यातलं कणभरही सांडलं नव्हतं. मला माझी लाज वाटावी इतकी ती प्रामाणिक होती.

आणखी गार केलं, सगळं गोठलं. मग हळूहळू तापवलं. उणे छप्पन्नच्या जरा खाली एकदम वितळलं, म्हणजे वायू तोच आणि शुद्ध. मग बुडबुडा आक्रसत गेला आणि उणे एकतीसला नाहीसा झाला. तीनदा केलं. तिन्ही वेळा उणे एकतीस. मी कागदावर हिशेब मांडला. आतापर्यंत मी म्हणत होते ती खोली कॉलेजपासून गंगापूर धरण जेवढं लांब, साधारण तेवढी, दहा-बारा किलोमीटर. खरी खोली त्याच्या दुप्पट, त्र्यंबकला पोचायला थोडंच राहावं इतकी, आणि तीही सरळ खाली.

मी तिथेच लॅपटॉप उघडला, नाहीतर रात्री माझं मन पुन्हा पालटलं असतं. नियतकालिकाला चार ओळी लिहिल्या. माझी मोजमापं चुकीची आहेत, नमुने तयार करताना तापले, लेख छापू नका. वाचून न बघता पाठवून दिलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की चाचा दोन तास दुसऱ्या खुर्चीत बसून आहेत, मांडीवर ते ओलं फडकं घेऊन. थर्मासमध्ये एका वेळेपुरता नायट्रोजन उरला होता. मी उठले, त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, एक डोळा मिटायला सांगितलं आणि थंडी सोडली. आकडे मी मोठ्याने वाचत होते. उणे चाळीसच्या पुढे त्यांचा खांदा दचकला.

‘आला,’ ते म्हणाले. ‘हलतोय. मॅडम, हा हलतोय!’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘आत कोंडलेला आहे अडीचशे कोटी वर्षं.’

चाचा बराच वेळ बघत राहिले. बोटाला चिंधी बांधलेली, तो हात त्यांनी यंत्रापासून लांब धरला होता. मग डोळा न काढताच त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, ‘आणि असे मी किती फोडले?’

भद्रकालीतल्या त्या दारात जे बोलायचं राहून गेलं होतं, ते मी आता बोलले.

‘तुम्ही नाही, चाचा,’ मी म्हटलं. ‘मी फोडले. समोर बसून.’